ईदला दिलेली चावी

आमच्या ऑफिसात माझ्याबद्दल एक वाक्य फिरत असतं. कॉफीच्या मशीनपाशी मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलंय. "शायमाकडे पाठवू नको रे, ती वाचते."

म्हणजे बघा! दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम तपासायचा आणि नीट असेल तर पास करायचा, हे माझं काम. पगार त्याचाच. आणि माझा दोष काय, तर मी वाचते. बाकीची मंडळी पास करतात ते लग्नात अक्षता टाकाव्यात तसं, नवरामुलगा कोण हेही न बघता. तू माझं कर, मी तुझं करतो, शुक्रवार आहे, चल घरी. मला ते जमत नाही. ही काही थोरवी नव्हे, खोड आहे. लहानपणी अम्मीने निवडलेले तांदूळ मी पुन्हा निवडायला बसायचे आणि त्यावरून बोलणी खायचे. पण या खोडीमुळेच ऑफिसात माझ्या नावाला थोडी किंमत होती. शायमाने पास केलंय म्हटल्यावर पुढे कुणी प्रश्न विचारत नसे. माझ्याकडे कमावलेलं म्हणावं असं तेवढंच होतं.

कंपनी महापेला. आम्ही लोकांना कॉम्प्युटर भाड्याने देतो, पण डोळ्यांना दिसणारे नव्हेत. एका दणकट मशीनच्या पोटात पुष्कळ आभासी मशीनं चालतात आणि त्या सगळ्यांवर एक हायपरवायजर बसलेला असतो, सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा. कुणाला किती पाणी, कुणाची वीज किती, कोण घर सोडून गेलं, सगळं त्याला ठाऊक. आमची टीम त्याला सारखं विचारत राहते आणि त्याने दिलेली उत्तरं पडद्यावर दाखवते. मशीन धडधाकट असेल तर हिरवा ठिपका, मेलं तर लाल. हे विचारण्याचं काम सी भाषेत लिहिलेलं आहे. सी म्हणजे जुनी, फटकळ भाषा. सांगाल तेवढंच करते, त्यापलीकडे काडीही हलवत नाही. माझं तिच्याशी जमतं ते बहुतेक म्हणूनच.

माझ्या शेजारच्या टेबलावर रूपेश बसतो. बोनकोड्याचा, गावातलाच. शेती कधीच गेली, आता गावठाणात त्यांची इमारत आहे, भाडेकरू आहेत. नोकरी गेली तरी त्याच्या घरची चूल विझणार नाही. माझ्याबाबत तसं म्हणता येत नाही. माझं घर उरणला, मोरा बंदराजवळ. नोकरीसाठी मी खांदेश्वरला भाड्याने राहते आणि अब्बांच्या औषधपाण्याचं मी बघते. पण हे फरक आम्ही दोघांनी कधी मधे येऊ दिले नव्हते. एकाच दिवशी नोकरीला लागलो होतो, एकाच साहेबाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. गौरीनंतर त्याच्या डब्यातले वडे मला असायचे, ईदनंतर माझ्याकडचं सांदण त्याला.

आणि सणाला चावी.

ही चावी समजावून सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यावरून झालं. प्रोग्रॅम पास करायचा तर कॉम्प्युटरला एक बोटभर चावी लावावी लागते, पेनड्राइव्हसारखी. ती ज्याची, त्याच्या नावाने मंजुरी लागते. नियम असा की लिहिणारा एक आणि पास करणारा दुसरा. पण मशीनला सणवार नसतात. अर्धी टीम सुट्टीवर असताना काही तातडीचं निघालं तर दुसरा माणूस आणायचा कुठून? म्हणून आमच्याकडे रीत पडली होती: सणाला जाणाऱ्याने चावी आणि तिचा पिन मागे राहणाऱ्याकडे द्यायचा. त्याच्या गणपतीत त्याची चावी माझ्या ड्रॉवरमध्ये, माझ्या ईदला माझी त्याच्या. आमचे मॅनेजर कमळाकर सर रजेचा अर्ज आला की आधी विचारायचे, "चावी कुणाकडे ठेवतोयस?" या रीतीला एकच अट होती, कुठेही न लिहिलेली. दुसऱ्याच्या चावीने स्वतःचं लिखाण पास करायचं नाही. हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं, कारण सांगावं लागेल असं वाटलंच नव्हतं.

रमजान ईदच्या आधी रूपेशने हायपरवायजरकडून प्रत्येक मशीनचे आकडे आणण्याचा भाग नव्याने लिहिला आणि माझ्याकडे पाठवला.

"छोटासाच हाय, शायमा. जरा बघून दे ना. ईदनंतर लगेच क्लायंटला दाखवायचाय."

मी वाचला. लिहिला छान होता, चपळ. आणि मधोमध भगदाड.

"रूपेश, कोण कोण चालू आहे ही यादी तू सकाळी एकदाच घेतोस?"

"हां. परत परत मागितली तर स्लो होतं. सर ओरडतात."

"मग दिवसभर त्या यादीवरून एकेकाचे आकडे मागत बसतोस. दुपारी एखादं मशीन मेलं तर?"

"तर तो मायनस वन देतो."

"आणि तो मायनस वन तू बघतोस कुठे?"

रूपेशने पडद्याकडे पाहिलं, मग छताकडे. "अगं, एवढ्यात कोन मरतंय?"

नुसतं तेवढंच असतं तर मी एक सुस्कारा टाकून सोडलं असतं. पण आकडे ठेवायला त्याने एकच डबा घेतला होता. एका मशीनचे आकडे त्यात घ्यायचे, पुढे पाठवायचे, मग त्याच डब्यात दुसऱ्याचे. मशीन मेलेलं असलं की हायपरवायजर डब्यात काही घालत नाही, नुसतं मायनस वन, म्हणजे 'नाही' म्हणतो. ते 'नाही' ऐकायला इथे कुणी नाही, आणि डबा कुणी विसळलेला नाही. त्यात शेजारच्या मशीनचे आकडे तसेच पडून. तेच मग मेलेल्याच्या नावाने पुढे जातात आणि पडद्यावर हिरवा ठिपका. मशीन मेलंय आणि आम्ही क्लायंटला सांगतोय, ठणठणीत आहे.

मी हरकत नोंदवली. काय बिघडलंय आणि काय करायला हवं, सगळं लिहिलं. कमळाकर सर टेबलापाशी आले.

"शायमा, तुला प्रत्येक गोष्टीचं लोणचं मुरवायचं असतं का गं? डेमो डोक्यावर आलाय."

"दोन ओळींचं काम आहे, सर. रूपेश आजच करेल."

"करतो मी," रूपेश म्हणाला. "टेन्शन नको घेऊ, तू जा. अम्मीला सलाम सांग."

मी चावी त्याच्या हातात दिली आणि उरणला गेले. अम्मीने विचारलं, "काय गो, त्या बोनकोड्याच्या पोराला डबा नेशील ना?" म्हटलं, नेईन. नेलाही. त्याने सांदण चाटूनपुसून खाल्लं आणि चावी परत दिली. डेमो झकास झाल्याचं सांगितलं. तोंडावर एक रेषा हलली नाही त्याच्या.

ईदला काही दिवस झाले असतील. रक्तलघवी तपासणाऱ्या एका लॅबचं मुख्य मशीन सकाळी बंद पडलं. त्यांच्या सगळ्या शाखांतले रिपोर्ट त्यावर. उपाशीपोटी रक्त देऊन गेलेली माणसं दुपारी रिपोर्टसाठी काउंटरवर भांडत होती, एका बाईचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं, आणि आमच्या पडद्यावर हिरवा ठिपका. आमचा माणूस त्यांना फोनवर सांगत होता, तुमच्याकडेच काहीतरी असेल, आमच्याकडे सगळं ओके आहे. अर्धा दिवस सांगत होता.

संध्याकाळी कमळाकर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि त्यांचा लॅपटॉप माझ्याकडे वळवला. रूपेशचा तोच प्रोग्रॅम होता. डबा न विसळलेला. माझ्या हरकतीवर 'निकाली' असा शेरा. आणि खाली, पास करणारी व्यक्ती: शायमा.

"तूच हरकत घेतलीस आणि तूच पास केलंस?" सर म्हणाले. "मला तर काही कळेना."

तारीख ईदची होती. मला कळायला वेळ लागला नाही. त्या क्षणी मला लॅबचं दुःख झालं नाही, खरं सांगते. ज्या नावावर लोक डोळे मिटून विसंबायचे ते नाव त्या घाणीखाली वाचून मला रडू आलं.

रूपेशला मी कँटीनमध्ये गाठलं. तो नाकारायला गेला नाही, एवढं मात्र त्याच्या बाजूने सांगते.

"तू बोललीस तसं केलं होतं मी. खरंच केलं होतं. पन ते लावलं आनि पडद्यावर दोन लाल ठिपके आले. मशीनं खरंच मेली होती. सर बोलले, क्लायंटला लाल दाखवनार काय? जुनंच लाव. मी बोललो, शायमाची हरकत हाय. तर बोलले, चावी हाय ना तुझ्याकडे?"

"आणि तू लावलीस."

"डेमो झाल्यावर नीट करनार होतो गं. आईशप्पथ. मग राहून गेलं."

"माझ्या डब्यातलं खाल्लंस तेव्हा तरी सांगायचंस."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. कँटीनमध्ये माणसं होती म्हणून मी हात टेबलाखाली ठेवले.

"उद्या चौकशी आहे," मी म्हटलं. "सांगशील ना तिथे? खरं काय ते?"

"सांगतो."

रात्री मला वाटत होतं, नाही सांगणार. घरच्यांना विचारेल, कुणीतरी त्याला सांगेल गप्प बस, आणि सकाळी याची स्मृती जाईल. माझा त्याच्यावर तेवढाही विश्वास उरला नव्हता. पण सकाळी मिटिंगमध्ये एचआरच्या राजनंदिनी मॅडमनी पहिला प्रश्न विचारताच रूपेश उभा राहिला. शाळेत उभं राहतात तसा.

"मॅडम, शायमाने पास नाय केलं. ती उरणला होती. चावी तिची, पन वापरली मी. चूक माझी हाय."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आदल्या दिवशीपासून या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हणाले होते, त्याची लाज वाटली. मी त्याच्याकडे बघून हसलेसुद्धा. तेवढ्यात कमळाकर सरांचा आवाज आला.

"एक मिनिट. चावी तिची म्हणजे? शायमा, तू स्वतःची चावी दुसऱ्याला दिलीस?"

मला आधी वाटलं, सर मॅडमसाठी नीट मांडून घेतायत. "हो, सर. ईदला जाताना. नेहमीप्रमाणे."

"नेहमीप्रमाणे!" सरांनी राजनंदिनी मॅडमकडे पाहिलं. चेहऱ्यावर असं आश्चर्य की नाटकवाल्यांनी शिकावं. "माझ्या टीममध्ये असं चालतं?"

"सर, तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच विचारता, चावी कुणाकडे ठेवलीस म्हणून. दिवाळीत तुमची चावी माझ्या ड्रॉवरमध्ये होती."

"मला असलं काही आठवत नाही," सर म्हणाले. आवाज इतका शांत होता की क्षणभर माझं मलाच खोटं वाटलं.

मी रूपेशकडे वळले. "तू सांग. सरांना माहीत होतं की नाही? जुनंच लाव कोण म्हणालं?"

रूपेश बसला होता. टेबलाच्या कडेचं सनमायका थोडं सुटलं होतं, तो ते नखाने दाबत होता.

"रूपेश," मॅडम म्हणाल्या, "सर असं काही म्हणाले होते?"

"मी माझं सांगितलं, मॅडम," तो म्हणाला. "बाकी मना काय म्हायत नाय."

घाबरला की त्याच्या तोंडी गावची भाषा येते. एरवी ऑफिसात नुसता हेल असतो, 'मना' कधी येत नाही. हा माणूस खोटं बोलत नव्हता. बरोब्बर स्वतःपुरतं खरं बोलून थांबला होता. आणि मला अडकवणारं ते अर्धं खरं मीच त्याच्याकडून मागून घेतलं होतं.

मॅडमनी त्यांच्या मऊ आवाजात समजावलं. चुकीचा प्रोग्रॅम लिहिणं ही मानवी चूक, ती कुणाकडूनही होते, तिच्यासाठी प्रशिक्षण आहे. पण चावी दुसऱ्याच्या हातात देणं हा विश्वासभंग. "तुम्हाला राग येणं मी समजू शकते, शायमा. पण घराची किल्ली तुम्हीच दिलीत, मग चोरी झाली म्हणून कसं चालेल?"

"मग चोराचं काय, मॅडम?"

"त्यांनी कबुली दिली आहे," मॅडम म्हणाल्या. "त्याचीही आम्ही नोंद घेतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्याकडे त्यावर चोराचा सत्कारही झाला. सोमवारच्या टीम मिटिंगमध्ये कमळाकर सरांनी रूपेशला उभं केलं. चूक मान्य करायला छाती लागते म्हणाले, आपल्याला अशीच माणसं हवीत म्हणाले. टाळ्या पडल्या. माझेही हात दोनदा एकमेकांवर आपटले, सवयीने. मग सरांनी सांगितलं की शायमा यापुढे लिखाणाचं काम करील, रिव्ह्यूचे अधिकार तिच्याकडे राहणार नाहीत, ते आता रूपेशकडे. माझी चावी मी सगळ्यांसमोर त्यांच्या हातात ठेवली. राजीनामा तोंडावर फेकावा असं फार वाटलं. अब्बांचं डायलिसिस आठवलं आणि मी जागेवर येऊन बसले.

कॉफीच्या मशीनपाशी आता माझ्याबद्दल काही बोलत नाहीत. वाचणारी गेल्यामुळे सगळे सुटले आहेत.

तो प्रोग्रॅम दुरुस्त करायचं काम माझ्याकडेच आलं. "तुला प्रॉब्लेम सगळ्यात चांगला माहितीये," सर म्हणाले. इतके दिवस तो माहीत असून उपयोग नव्हता, आता एकदम झाला. मी बसून लिहिलं. यादी पुन्हा पुन्हा घेतली, डबा दर वेळी विसळला, मायनस वन आला की लाल ठिपका दाखवून पुढच्या मशीनकडे. लिहिताना डोक्यात नुसता राग होता. लिहून झालं आणि रूपेशकडे पाठवलं, कारण आता नियमाने तेच होतं. पाणी प्यायला उठले, बाटली भरून परत येईपर्यंत पास होऊन आलंसुद्धा. शेजारी शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र.

मला उगाच बेचैन वाटायला लागलं. मी माझंच लिखाण पुन्हा वाचायला घेतलं, आणि निम्म्यावर थांबले.

हायपरवायजरकडून मशीनचे आकडे मागायचे तर आधी त्या मशीनचा धागा हातात घ्यावा लागतो आणि काम झालं की सोडावा लागतो. सोडला नाही तर तो तसाच अडकून राहतो, मग दुसरा, तिसरा, आणि शेवटी विचारणारा प्रोग्रॅमच गुदमरून मरतो. जिवंत मशीनचा धागा मी सोडला होता. मेलेलं मशीन दिसलं की मात्र लाल ठिपका लावून थेट पुढे उडी, आणि धागा हातातच. नवख्या पोराची चूक. दुसऱ्या कुणाची असती तर मी पहिल्या नजरेत पकडली असती.

मी रूपेशच्या टेबलापाशी गेले. मिटिंगनंतर आम्ही कामापलीकडे बोललो नव्हतो.

"वाचलंस?"

"काय?"

"माझं. आत्ता पास केलंस ते."

"तू लिहिलंयस," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत ओशाळेपणा होता, आणि मला वाटतं, मायाही होती. "तुझ्यात काय वाचायचं, शायमा? मी वाचून तुला काय सांगनार?"

त्याला वाटत होतं तो माझा मान राखतोय. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अरे गाढवा, माझं कुणीतरी वाचावं एवढंच मला हवं होतं. पण संध्याकाळी हे लिखाण चालू मशीनवर चढणार होतं आणि ते थांबवायचा अधिकार आता फक्त त्याला होता.

"थांबव ते. हरकत घाल."

"तुझ्यावर? काय लिहू?"

"मी सांगते, तू लिही."

आणि मी सांगितलं. कुठल्या ओळीत चूक आहे, धागा का सोडायला हवा, नाही सोडला तर काय होईल. तो टाइप करत गेला. एके ठिकाणी अडला तेव्हा मी वाक्य सोपं करून दिलं. त्याने पाठवलं, मी जागेवर येऊन दुरुस्ती केली, आणि या वेळी त्याने पास करायला जरा वेळ लावला. माझी समजूत काढण्यासाठी लावला असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळाकर सर आमच्या टेबलांपाशी आले. हातात मोबाइल, त्यावर ती हरकत.

"वा रूपेश! हे तू पकडलंस? मला दिसलंही नसतं." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "बघा, याला म्हणतात रिव्ह्यू. शायमा, बघ जरा, शीक काही. नुसत्या हरकती घेऊन भागत नाही, अशी नजर लागते."

मी रूपेशकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडलं, आणि क्षणभर मला खरंच वाटलं की आता सांगेल.

"थँक्यू, सर," रूपेश म्हणाला.